'अँटिगनी' वाचतोय: हे वाक्य नक्की कुणाचं?

रावपुऱ्याची_पोर
नमस्कार मंडळी. आम्ही काही मैत्रिणी रविवारी दांडिया बाजारात एकीच्या घरी जमून नाटकं मोठ्यानं वाचतो. सध्या प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजची 'अँटिगनी' धरलीय. ग्रीक कुणालाच येत नाही, इंग्रजीवरून तिथल्या तिथे मराठी करत जातो. माझ्याकडे नेटवरून उतरवलेलं जेबचं जुनं भाषांतर, दुसरीकडे एक नवं पेपरबॅक. मी अँटिगनी वाचते, ती पेपरबॅकवाली अँटिगनीची बहीण इस्मेनी. परवा राजा क्रेऑन, म्हणजे अँटिगनीचा होणारा सासरा, म्हणाला, माझ्या मुलाला असली वाईट बायको नको. त्यावर "लाडक्या हेमन, तुझे वडील तुझा किती अपमान करतायत!" हे आम्ही दोघी एकदमच बोललो! माझ्या प्रतीत ते अँटिगनीचं, तिच्या प्रतीत इस्मेनीचं. छापखान्याचा घोळ आहे का? आणि आमच्यासारख्यांनी एकच प्रत घ्यायची तर कुठली?

सयाजीगंजवाला
लोब मालेतली प्रत घ्या. हिरवं पुस्तक, डावीकडे ग्रीक, उजवीकडे इंग्रजी. लॉइड-जोन्सचं १९९४ चं घ्या. त्याच मालेतलं १९१२ चं स्टॉरचं फुकट मिळतं म्हणून उतरवू नका, ते जुनाट पद्यात आहे, वाचताना जीभ अडखळते. पैसे घालायचे नसतील तर पर्सियसच्या साइटवर जेबच्या टीपासुद्धा आहेत.

जुना_बडोदेकर
पोरी, घोळ नाही, भांडण आहे आणि चांगलं मुरलेलं आहे. ओळ ५७२. हस्तलिखितांत ती इस्मेनीच्या नावावर आहे. १५०२ साली व्हेनिसला आल्डसनं सोफोक्लीज पहिल्यांदा छापला, त्यात ती अँटिगनीला दिली. आता हस्तलिखित म्हणजे पुरावा म्हणावं, तर जुन्या प्रतींत बोलणारा बदलला की समासात नुसती एक आडवी रेघ असायची. नावं बऱ्याचदा मागाहून कुणीतरी अंदाजानं भरलेली.

जेबसाहेब अँटिगनीच्या बाजूचे. तिनं हेमनचं नाव घेणं हा नाटकातला फार सुंदर क्षण आहे, तो घालवू नका, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. तिथे क्रेऑन आणि इस्मेनीची एकेका ओळीची सवाल-जवाबाची लय बसलेली आहे, अँटिगनी मध्ये पडली की ती मोडते. होणाऱ्या भावोजींना इस्मेनी 'लाडक्या' कशी म्हणेल, ही शंका मात्र रास्त आहे. पण ओळ इस्मेनीची धरली तर काय होतं बघ: अख्ख्या नाटकात अँटिगनी हेमनचं नाव एकदाही घेत नाही. ही बाई मला जास्त खरी वाटते.

आता ९०४ ते ९२० वाच. क्रेऑनचा हुकूम मोडून भावाला पुरलं म्हणून मरायला निघालेली अँटिगनी सांगते, नवरा गेला असता तर दुसरा मिळाला असता, मूल गेलं असतं तर दुसरं झालं असतं, पण आईबाप दोघंही गेल्यावर भाऊ कुठून आणू? जर्मन कवी ग्यटेला हे इतकं खटकलं की कुणा पंडितानं या ओळी प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घुसडलेल्या, ठरवाव्यात अशी इच्छा त्यानं बोलून दाखवली. जेबनाही त्या सोफोक्लीजच्या वाटल्या नाहीत. म्हणजे साहेबांनी पोरीला प्रेमाची एक ओळ दिली आणि अडचणीच्या सतरा काढून घेतल्या! खरं तर ॲरिस्टॉटल त्यातलं उद्धृत करतो, त्यामुळे त्या नंतरच्या असल्या तरी फार नंतरच्या नव्हेत. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसमध्ये इराणच्या राजा दरायसपुढे एक बाई हाच युक्तिवाद करून नवऱ्याऐवजी भावाला सोडवते. आणि आपल्याला तर यात दचकण्यासारखं काही नाहीच. लक्ष्मण पडल्यावर राम काय म्हणतो? "देशे देशे कलत्राणि देशे देशे च बान्धवाः । तं तु देशं न पश्यामि यत्र भ्राता सहोदरः ॥"

एकच प्रत घेऊ नका, एवढंच सांगेन. भाषांतर कुठलंही गोड लागेल ते घ्या, पण शेजारी टीपांची एक आवृत्ती हवीच. रामायणाची चिकित्सक आवृत्ती आपल्याच बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरातून १९६० ते ७५ मध्ये सात खंडांत निघाली. कधीतरी उघडून बघ, वर थोडेसे श्लोक आणि खाली पाठभेदांचं, म्हणजे हस्तलिखिता-हस्तलिखितांतल्या फरकांचं, रान. ते रान बघितलं की वरच्या मजकुराकडे बघायची नजर बदलते. ग्रिफिथची १९९९ ची केंब्रिजची 'अँटिगनी' तशी आहे. भाषांतर नाही तिच्यात, पण प्रस्तावना ग्रीक न येणाऱ्यालाही वाचता येते.

रावपुऱ्याची_पोर
काका, केवढं लिहिलंत! ९०४ पासूनचा भाग आत्ताच वाचला. पेपरबॅकमध्ये तो आहे, पण टीप एका शब्दाची नाही. रविवारी वाक्य दोन्हीकडून म्हणून बघतो. इस्मेनीवाली आधीच सांगतेय, तिला मुळात बोलायला कमी, ही ओळ ती सोडणार नाही.

जुना_बडोदेकर
सोडू देऊ नकोस. लोबचा दुसरा खंड माझ्याकडे आहे, 'अँटिगनी' त्यातच येते. संध्याकाळी सुरसागरला फिरायला असतो, मेसेज कर, घेऊन येतो. पेन्सिलीच्या खुणा तेवढ्या खोडू नका.