मदत हवी आहे: पिवळा रंग गुळगुळीत बसत नाही

राजेहो, हार्वर्ड या ट्रेनर (वैमानिक शिकवायच्या) विमानाच्या १:७२ मापाच्या मॉडेलला ट्रेनरचा पिवळा रंग द्यायचाय, अन् तोच छळतोय. ॲक्रिलिक आहे, एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबावर फवारून, मारतो. पंखांच्या कडांना खालचा राखाडी प्रायमर (अस्तराचा थर) डोकावतो. झाकायला थर वाढवले की पॅनेलच्या (पत्र्यांच्या जोडांच्या) कोरीव रेषा बुजतात. पिवळ्याची झाकायची ताकद मुळातच कमी, हे मान्य. मग खाली पांढरा प्रायमर घ्यावा की फिकट गुलाबी? गुलाबीवर पिवळा उबदार दिसतो म्हणतात. कोणी करून पाहिलंय का?

दुसरी भानगड उन्हाची. इकडे दारव्ह्याला मे महिन्यात पारा ४४-४५ वर. रंग विमानावर पडायच्या आधीच हवेत वाळतो, पृष्ठभाग रव्यासारखा खरखरीत होतो. कूलरसमोर बसलं तर ओल अन् धूळ. पहाटे बरं जमतं, पण तेव्हा लाइन असेलच याचा भरवसा नाही. रिटार्डर (रंग उशिरा वाळावा म्हणून घालायचं द्रव) किती टाकता? जास्त झाला की ओघळतो ना? एअरब्रशच्या हवेचा दाब १५ पीएसआय ठेवतो, कमी करू का?

मधल्या थराला २००० नंबरचा वॉटर पेपर मारणाऱ्यांनी आधी किती वेळ वाळू देता तेही सांगा. ‘ब्रशनेच मार’ हा सल्ला तेवढा नको, पिवळ्यात पट्टे आणखीच दिसतात. सामान नागपुरात मिळेल असंच सुचवा.