सीटी नॉर्मल आला, तरी ईईजी न् एमआरआय काऊन? (सल्ला पाहिजे)

पऱ्हाटीवाला: मंडळी, गाव दारव्ह्याकडचं. पुतण्या १४ वर्षांचा, दोन महिन्यांत दोनदा फेफरं आलं. पहिल्यांदा वावरात. लोकं कांदा हुंगवत होते, एक जण तोंडात चमचा कोंबायले निघाला, मीच हात धरला त्याचा. सीटी काढला, नॉर्मल. आता यवतमाळच्या डॉक्टरनं ईईजी न् एमआरआय लिहून देला. दादा म्हणते, डोक्याचा फोटो एकदा निघाला ना, मंग पुन्हा काऊन? खर्चाचं तर विचारूच नका. दोन्ही लागतेच का?

कॉइलवाला (नागपूर, एमआरआय टेक्निशियन): भाऊ, चमचा अडवला ते बेस केलं. सीटी म्हणजे डोक्याभोवती फिरणारा एक्स-रे. काम मिनिटांचं, ताजा रक्तस्राव किंवा फुटलेलं हाड लगेच दिसतं, म्हणून अपघाताच्या पेशंटला आधी तोच. पण मेंदूचा मऊ भाग त्यात ढोबळच येतो. एमआरआयमध्ये एक्स-रे नाहीच. चुंबक असतं, बहुतेक १.५ किंवा ३ टेस्लाचं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप). शरीरातल्या पाण्यातला हायड्रोजन त्यात ओळीत लागतो, रेडिओलहरींनी त्याला हलवलं की तो सिग्नल देतो, त्यातून चित्र. सीटीत सुटलेला बारीक व्रण इथं सापडू शकतो. अर्धा-पाऊण तास हलायचं नाही मात्र.

ईईजी हा फोटोच नव्हे. मोटार बंद पडली तर तुम्ही वायरही पाहता आणि टेस्टरही लावता ना? ईईजी म्हणजे टेस्टर. मेंदूतला करंट कागदावर. फेफऱ्यात दोन्ही लागतात. आधी कोणतं, ते तारीख मिळेल तसं.

वर्धेची माय: ईईजीले डोकं धुऊन न्या जी, तेल बिलकूल नाही. माझ्या पोरीले मी चपचपीत खोबरेल लावून नेलं, इलेक्ट्रोड (डोक्याले लावतात त्या वायरी) चिकटेच ना, आल्या पावली वापस. दुसऱ्या खेपेले आदल्या रात्री जागवून आणा म्हणे. रात्रभर आम्ही दोघी चौसर खेळलो. तिथं डोळ्यावर लाइट चमकवतात, जोरजोरानं श्वास घ्यायले लावतात. रिपोर्ट नॉर्मल आला, तरी डॉक्टरनं गोळी चालू ठेवली.

कॉइलवाला: बरोबर, ताई. ईईजी तेवढ्या वेळेपुरता असतो. तो नॉर्मल म्हणजे मिरगी नाही, असं होत नाही. आणि भाऊ, तपासणीसाठी गोळी मनानं बंद करू नका.

बोंडअळी: मोबाइलवर आलं होतं, पेट स्कॅन सगळ्यात भारी म्हणे?

कॉइलवाला: त्यात किरणोत्सारी साखर टोचतात, मेंदूचा कोणता भाग ती किती खातो ते पाहतात. औषधांनी फेफरं थांबत नसेल, ऑपरेशनचा विचार असेल, तेव्हा त्याचं काम. दुसऱ्या फेफऱ्याला नाही.

पऱ्हाटीवाला: दादाले मोटारीचं पटलं. पोराच्या करदोड्याले चांदीची पेटी हाये, कापू का? न् मांडीत रॉड हाये, झाडावरून पडला होता.

कॉइलवाला: करदोडा नुसता काढून ठेवा. रॉडचं मात्र नंबर लावतानाच सांगा, ऑपरेशनचे कागद सोबत न्या. बरेच रॉड चालतात, पण ते कागद पाहून तिथलेच ठरवतील.

पऱ्हाटीवाला: कागद बहुतेक धान्याच्या कोठीत हायेत. पाह्यतो.