१९८८ चा तो कप नेमका कोणाचा?

जुनी जर्सी
लंडनच्या दक्षिण भागातलं विम्बल्डन टेनिसमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथल्या एका शाळेत शिकलेल्या मुलांनी १८८९ मध्ये विम्बल्डनचा फुटबॉल क्लब काढला. १९१२ पासून प्लाऊ लेन हे त्यांचं घरचं मैदान. १९७७ पर्यंत हा क्लब फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या वरच्या चार श्रेणींमध्येसुद्धा नव्हता. तिथून नऊ वर्षांत तो सगळ्यात वरच्या श्रेणीत पोचला आणि १९८८ मध्ये लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर लिव्हरपूलला १-० हरवून त्याने एफए कप, म्हणजे इंग्लंडमधल्या मोठ्या बाद स्पर्धेचा करंडक उचलला. गोल लॉरी सांचेझचा, हेडरने. आणि जॉन ऑल्ड्रिजची पेनल्टी डेव्ह बीझंटने अडवली. वेम्बलीवरच्या एफए कप फायनलमध्ये त्याआधी कोणत्याच गोलकीपरला पेनल्टी अडवता आली नव्हती!

मग २८ मे २००२ ला इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने (एफए) नेमलेल्या तीन जणांच्या समितीने दोन विरुद्ध एक मताने या क्लबला मिल्टन कीन्सला हलायची परवानगी दिली. म्हणजे सुमारे ९० किलोमीटर लांब. चाहत्यांनी काही आठवड्यांत एएफसी विम्बल्डन हा स्वतःचा क्लब उभा केला. माझ्या मते १९८८ चा कप या चाहत्यांचा. कंपनी गेली, क्लब जागेवरच राहिला.

गोलपोस्ट
असहमत. क्लब ही नोंदलेली संस्था असते. खेळाडूंचे करार, लीगमधली जागा, देणी, सगळं मिल्टन कीन्सला गेलं. मग फक्त इतिहास मागे कसा राहील? आर्सेनलही १९१३ मध्ये थेम्सच्या दक्षिणेकडून उठून उत्तरेला हायबरीला गेला. त्याआधीचा त्यांचा इतिहास कोणी प्लमस्टेडच्या लोकांना देऊन टाकला नाही.

डावा पाय
आर्सेनल नदी ओलांडून गेला, पण राहिला लंडनमध्येच. इथे नावातलं गावच सुटलं. २००४ मध्ये नावही बदललं, मिल्टन कीन्स डॉन्स. दोन्हींची तुलना होत नाही.

हाफटाइम
भावना बाजूला ठेवून आकडा बघा. २६ जानेवारी १९९३, प्रीमियर लीग, समोर एव्हर्टन. प्रेक्षक ३,०३९. देशातल्या सर्वोच्च लीगमध्ये! एवढं प्रेम होतं तर लोक होते कुठे? असा क्लब तोट्यात जाणार नाही तर काय होणार? पुढे २००३ मध्ये तो दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलाच. हलला म्हणून निदान काहीतरी वाचलं.

जुनी जर्सी
हाफटाइम, तो सामना झाला कुठे तेही सांगा ना. सेल्हर्स्ट पार्कवर, म्हणजे क्रिस्टल पॅलेसच्या मैदानावर. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत ९७ जीव गेले, त्यानंतरच्या टेलर अहवालाने मोठ्या क्लबांना सगळ्या प्रेक्षकांसाठी खुर्च्या बंधनकारक केल्या. जुन्या प्लाऊ लेनवर ते बसेना, म्हणून १९९१ पासून हा क्लब दुसऱ्याच्या मैदानात भाडेकरू झाला. घर मोडायचं आणि वर पाहुणे येत नाहीत म्हणून दोष द्यायचा, हे मला पटत नाही.

आणि आकडेच हवे असतील तर माझेही घ्या. स्थलांतर मंजूर झाल्यावर ऑक्टोबर २००२ मध्ये जुन्या क्लबच्या रॉदरहॅमविरुद्धच्या सामन्याला आले ८४९ लोक. त्याच वर्षी १० जुलैला सटनमध्ये एएफसी विम्बल्डनचा पहिला सामना झाला, तोही मैत्रीपूर्ण. तिथे ४,६५७! संघ होता काय, तर अकरा दिवसांपूर्वी विम्बल्डन कॉमनच्या गवतावर खुली निवड चाचणी घेऊन गोळा केलेली पोरं. ४-० हरली. तरी लोक हटले नाहीत. नवव्या पायरीवरच्या लीगमध्ये या संघाला पहिल्या हंगामात सरासरी तीन हजारांवर प्रेक्षक मिळाले.

शेवटची शिट्टी
मी मिल्टन कीन्सच्या बाजूने बोलणार आहे, इथे कोणीतरी बोलायला हवं. १९६७ मध्ये वसवायला घेतलेलं शहर, लीगमध्ये खेळणारा एकही क्लब नाही. २००४ नंतर तिथे वाढलेल्या मुलाने कोणाचं काय चोरलं? फुटबॉलपटू डेली अली त्याच शहरात जन्मला, त्याच क्लबात घडला. ऑगस्ट २०१४ मध्ये मँचेस्टर युनायटेडला ४-० धुतलं तेव्हा तो त्या संघात होता. ती रात्र त्यांनी कमावलेली आहे, कुणाकडून उचललेली नाही. आणि डिसेंबर २०१२ मध्ये हे दोन क्लब पहिल्यांदा एफए कपमध्ये भिडले तेव्हा जिंकले मिल्टन कीन्सवालेच, २-१.

डावा पाय
त्या मुलांवर राग कोणाचाच नाही, शिट्टी. वाद १९८८ बद्दल आहे.

गोलपोस्ट
तो वाद २००७ मध्येच मिटला. आधीच्या वर्षी चाहत्यांच्या संघटनांशी समझोता झाला, आणि मिल्टन कीन्सने कपाची प्रतिकृती आणि जुन्या सन्मानचिन्हांवरचा हक्क सोडला. पण नीट पाहा, हे सगळं सोपवलं मर्टनला, म्हणजे विम्बल्डन ज्या प्रशासकीय भागात येतं त्याला. एएफसीला नाही. इतिहास दोन्ही क्लबांचा नाही, त्या जागेचा आहे, असाच त्याचा अर्थ मी लावतो.

जुनी जर्सी
जागेचा म्हणता ना? मग त्या जागेवर परत कोण आलं? कप सोडला, पण लीगमधली जागा कोणी परत केली नाही. एएफसी विम्बल्डनला ती खालून वर चढत मिळवावी लागली. वाटेत लीगमध्ये सलग ७८ सामने न हरता. २०११ मध्ये ल्युटनला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून फुटबॉल लीगमध्ये प्रवेश. नऊ हंगाम लागले, जुन्या क्लबला १९७७ ते १९८६ वर चढायला लागले तेवढेच! हे लक्षात आलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसून होतो.

आणि ३ नोव्हेंबर २०२० ला प्लाऊ लेनवरच, जुन्या मैदानापासून काही पावलांवर, ग्रेहाउंड शर्यतींच्या जागेवर बांधलेल्या नव्या स्टेडियममध्ये पहिला सामना. डॉनकास्टरशी २-२. कोरोनामुळे आत एकही चाहता नाही. ज्यांनी अठरा वर्षं वाट पाहिली, त्यांनी तो सामना घरी बसून पाहिला.

हाफटाइम
८४९ चा आकडा मला माहीत नव्हता. ३,०३९ चा मुद्दा मागे घेतो. कपाबद्दल मात्र गोलपोस्टशी सहमत. मर्टनकडे आहे, तिथेच राहू दे.