गंज, जंग की क्षरण? निकेलच्या धातूले नेमकं काय लागते?

फिटर_बुटीबोरी: गाव हिंगणघाटकडचं, नोकरी बुटीबोरीच्या एमआयडीसीत, मेंटेनन्सले. मागं रिअॅक्टर, म्हणजे केमिकल बनवाचं बंद भांडं, उघडला (आत कोरडं सॉल्व्हंट, म्हणजे विरघळवणारा द्रव, असते) तं नोझलच्या फ्लँजवर, म्हणजे पाइप जोडाच्या तोंडाच्या कडेवर, गॅस्केटच्या, म्हणजे गळती थांबवणाऱ्या चकतीच्या, बरोबर खाली, सुईनं टोचल्यावानी बारीक बारीक खड्डे. धातू हॅस्टेलॉय सी-२७६, म्हणजे निकेल ५७ टक्क्यांच्या आसपास, क्रोमियम नि मॉलिब्डेनम १६-१६. रिपोर्टात मी लिहिलं "गंज लागला". साहेब म्हणे, लाल कुठं दिसते? घरी आईले सांगितलं तं ती म्हणे, कोणत्या गंजाले? आता आपल्याकडं दूध तापवाचं भांडं म्हणजे गंज, लोखंडावर चढते तो गंज, नि लय म्हणजेही गंज. "गंजाले गंज गंज लागला" हे पुण्यात बोलून पाहा बरं. पण मंग रिपोर्टात कोणता शब्द लिहू?

वर्धा_मास्तर: गंज फक्त लोखंडाचा, पाणी धरलेला लोहाचा ऑक्साइड तो. बाकी धातूंसाठी शाळेच्या पुस्तकात क्षरण. संक्षारणही आहे, पण तो शब्द परीक्षेपुरताच बरा. जंग हिंदीतून आला, चालतो. पण भाऊ, सॉल्व्हंटमध्ये पाणीच नाही तं क्षरण कसं?

फिटर_बुटीबोरी: मलेही तसंच वाटे सर. आमचं सॉल्व्हंट म्हणजे कोरडं मेथॅनॉल, त्यात जरासं एचसीएल, म्हणजे हायड्रोजन क्लोराइड हे आम्ल. आता या धातूले वाचवते ती क्रोमियमची ऑक्साइडची पातळ साय, ती फाटली की पुन्हा धरायले पाण्यातला ऑक्सिजन लागते, अन् कोरड्या मेथॅनॉलमध्ये तो भेटतच नाही, मंग क्लोराइड मोकाट सुटते. मेथिलीन क्लोराइड या दुसऱ्या सॉल्व्हंटचं उलटं, तिथं पाणी शिरलं नि गरम झालं की हळूहळू एचसीएल तयार होते. एकीकडं पाणी तारते, दुसरीकडं मारते. साइटवर आम्ही सरळ "खाल्लं" म्हणतो, फ्लँज खाल्ली, शाफ्ट खाल्ला.

वर्धा_मास्तर: साय! हा शब्द माह्या वर्गात वापरतो उद्या. अन् "खाल्लं" मस्त आहे, खाणारा कोण ते न सांगताही समजते.

आर्वीची_सून: मधीच बोलते, केमिकलचं मले समजत नाही. आमच्या सासूबाई पितळेच्या गंजाची कल्हई उडाली की त्यात ताक ठेवू देत नसत, म्हणत कळकते. भांड्याचं जाऊ द्या, ताकाचं काय झालं त्याचा तो शब्द.

फिटर_बुटीबोरी: वहिनी, हाच तं पाहिजे होता! त्या दिवशी बॅच काढली तं हिरवट झाक होती, निकेल उतरलं होतं त्यात. फ्लँज खाल्ली नि बॅच कळकली. रिपोर्टात असंच लिहितो, साहेबानं अर्थ इचारला तं ताकापासून सांगतो.