‘भाकीत’, ‘अनुमान’ की ‘चाहूल’? प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्ससाठी मराठी शब्द

मी तांत्रिक मजकुराचं भाषांतर करते. सध्या हातात पवनचक्क्यांवर काम करणाऱ्या तंत्रज्ञांसाठीची प्रशिक्षण पुस्तिका आहे आणि तिच्यात पानोपानी ‘प्रेडिक्टिव्ह मेंटेनन्स’ येतं, म्हणजे यंत्र बंद पडायच्या आधीच बिघाड ओळखून केलेली देखभाल. आतापर्यंत तीन पर्याय सापडले: भाकितात्मक देखभाल, पूर्वानुमानित देखभाल, भविष्यसूचक देखभाल. तिन्हींवर माझं मन बसत नाही.

आधी काम कसं चालतं ते सांगते, कारण शब्द तिथूनच निघायला हवा. मोठ्या पवनचक्कीची पाती मिनिटाला साधारण १५ फेरे घेतात. बऱ्याच चक्क्यांमध्ये गिअरबॉक्स तो वेग १५०० च्या घरात नेतो, तेव्हा जनित्र चालतं. या सगळ्या साखळीत बेअरिंगवर फार ताण येतो. वाऱ्याचा वेग, तयार होणारी वीज, गिअरबॉक्समधल्या तेलाचं आणि बेअरिंगचं तापमान यांची दर १० मिनिटांची सरासरी नोंदली जाते, म्हणजे एका चक्कीच्या दिवसाला १४४ नोंदी. चक्की ठणठणीत असतानाच्या वर्षभराच्या नोंदी संगणकाला दिल्या, की इतका वारा, बाहेर इतका उकाडा, इतकी वीज, तर बेअरिंग किती तापायला हवं, हे तो शिकतो. पुढे रोज खरं तापमान त्याच्याशी ताडून बघायचं. समजा ६२ अंश अपेक्षित आहे आणि आठवडाभर ६९ भरतंय. धोक्याची घंटा त्याच्या बरीच वर वाजते, त्यामुळे नुसत्या ६९ कडे कुणी वळूनही पाहिलं नसतं. पण सात अंशांची ती तफावत सांगते की आत काहीतरी बिनसलंय.

आता शब्द. ‘भाकीत’ म्हटलं की मला भेंडवळची घटमांडणी आठवते, पट्टणकोडोलीच्या यात्रेतली भाकणूक आठवते. पाऊसपाणी कसं होईल, पिकं कशी येतील, हे तिथे सांगितलं जातं. त्या जागी तो शब्द शोभतो, पण त्यात ऐकणाऱ्याने विश्वास ठेवायचा असतो, ताडून बघायचं नसतं. ‘पूर्वानुमानित देखभाल’ तर व्याकरणातच अडकते. ‘-इत’ लावल्यावर अनुमान केलं गेलं ते देखभालीचं, असा अर्थ होतो. आपण अनुमान करतो बिघाडाचं. ‘भविष्यसूचक देखभाल’मध्ये देखभालच भविष्य सांगायला लागते.

माझ्या मनात ‘चाहूल’ आहे. चाहूल लागते तेव्हा येणारा घरून निघालेला असतो, दिसलेला मात्र नसतो. बेअरिंगचंही तसंच. पृष्ठभागाखाली बारीक तडा आधीच गेलेला असतो, तापमान आणि कंप ही त्याची पावलं. यंत्र भविष्यात डोकावत नाही, जे सुरू झालंय ते लवकर ऐकतं. ‘चाहुलीवरून देखभाल’ कसं वाटतं?

प्रतिसाद:
ताई, ‘अनुमान’ इतक्यात सोडू नका. तुम्ही जे वर्णन केलंत ते शास्त्रशुद्ध अनुमानच आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे आपल्या प्राचीन तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथात, अनुमानाचे तीन प्रकार दिलेत: पूर्ववत्, शेषवत् आणि सामान्यतोदृष्ट. त्यावरच्या वात्स्यायनभाष्यातली उदाहरणं प्रसिद्ध आहेत. ढग भरून आले, पाऊस पडणार, हे पूर्ववत्, कारणावरून कार्य. नदी दुथडी भरून जोरात वाहतेय, म्हणजे वर पाऊस झालाय, हे शेषवत्, कार्यावरून कारण. बेअरिंग तापलं यावरून झीज ओळखली, हे शेषवत्. झीज आहे म्हणून गिअरबॉक्स बंद पडेल, हे पूर्ववत्. तुमच्या संगणकाला एकापाठोपाठ दोन्ही करावी लागतात. इतकी नेमकी मांडणी आपल्याकडे तयार असताना ‘अनुमान’ टाकून द्यायचं मला जिवावर येतं. ‘-इत’बद्दलचा तुमचा आक्षेप मात्र बिनतोड आहे. ‘अनुमानाधारित देखभाल’ म्हणा.

प्रतिसाद:
मी सातारा जिल्ह्यातल्या वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांवर बरीच वर्षं काम केलंय. आम्ही तिथे चक्कीला ‘मशीन’च म्हणतो. बेअरिंगबद्दल बोलायची आमची भाषा सांगतो. आधी ते ‘वाजायला लागतं’, मग ‘गरम होतं’, मग ‘जातं’. ‘गेलं’ म्हटलं की विषय संपला, क्रेन मागवायची.

आणि क्रेन हीच खरी गोष्ट आहे, ताई. आमच्याकडे पावसाळा म्हणजेच वाऱ्याचा हंगाम. जून ते सप्टेंबर मशीन जोरात चालतं आणि वर्षातली बरीचशी वीज त्याच महिन्यांत निघते. गिअरबॉक्स जुलैत गेला तर पठारावर धुकं, रस्त्याला चिखल, आणि एवढ्या वाऱ्यात क्रेनने काही उचलता येत नाही. ऐन हंगामात मशीन उभं. तेच एप्रिलमध्ये कळलं तर माणूस वर चढतो, उघडून बघतो, जमलं तर वरच्या वर बेअरिंग बदलतो. म्हणून दोन-तीन महिने आधी कळण्याला एवढी किंमत आहे.

‘चाहूल’ मला एकदम पटला. आमच्या गावात विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारे एक काका होते. चालू मोटारीच्या बेअरिंगवर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचे, मूठ कानाच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. “अजून महिनाभर ओढेल, पण ऐन उन्हाळ्यात दगा देईल,” असं सांगून हात पुसत उठायचे. गिअरबॉक्सला लावलेला कंपनाचा सेन्सर तेच करतो. बेअरिंगच्या कड्याला तडा असेल तर प्रत्येक गोळी त्यावरून जाताना ठोका बसतो, आणि ठरावीक वेगाला ते ठोके ठरावीक अंतराने येतात. काकांच्या कानाला ते कळायचं. अनुमानाधारित म्हटलं तर आमची पोरं ते पान उलटून पुढे जातील.

एक दुरुस्ती सुचवतो. ‘बेअरिंगची चाहूल’ लिहू नका. चाहूल बिघाडाची लागते.

प्रतिसाद:
‘देखभाल’बद्दलही बोलू या. हिंदीतल्या ‘देखना-भालना’मध्ये दोन्ही धातू बघण्याचेच. ‘निगा’ फारसी ‘निगाह’वरून आला, म्हणजे नजर. ‘निगराणी’ही त्याच कुळातला. आपण एखादी वस्तू सांभाळतो ते तिच्याकडे बघत राहून, हे या सगळ्या शब्दांत आहे. मला ‘निगा’ जास्त जवळचा वाटतो. ‘राखायची’ असते ती निगाच.

‘चाहूल’ची मर्यादा मात्र लक्षात ठेवा. हे बेअरिंग अजून किती दिवस चालेल, असा आकडाही या पद्धतीत काढतात. तिथे ‘चाहूल’ अपुरी पडते, ‘उरलेल्या आयुष्याचा अंदाज’ असंच म्हणावं लागेल.

मूळ प्रश्न विचारणारी:
तिघांचे मनापासून आभार. ‘अनुमान’ मी सोडत नाही. संगणक निष्कर्षापर्यंत कसा पोचतो हे सांगणाऱ्या प्रकरणात तो शब्द ठेवते, आणि नदीचं उदाहरणही घेते. पठारावर काम करणाऱ्याला दुसऱ्या कशाने ते इतकं चटकन कळणार नाही. पद्धतीचं नाव ‘चाहुलीवरून निगा’. दिवसांचा आकडा येईल तिथे ‘अंदाज’. इशारा मिळाला आणि उघडल्यावर काहीच निघालं नाही, तर ‘खोटी चाहूल’. हा शब्द मला फार हवा होता, कारण पुस्तिकेत त्यावर अख्खं पान आहे. वारंवार असं झालं की लांडगा आला रे आला होतं आणि माणसं खऱ्या इशाऱ्यालाही वर चढेनाशी होतात.

शुद्धलेखनासाठी नोंद: ‘चाहूल’मध्ये हू दीर्घ, पण ‘चाहुलीवरून’मध्ये ह्रस्व. ‘भाकीत’ आणि ‘भाकिताचा’ यांच्यासारखंच.

संगणक नोंदींवरून शिकतो त्या ‘मशीन लर्निंग’ला ‘यंत्रशिक्षण’ लिहिणार नाही. आयटीआय झालेल्या मुलाला तो यंत्रांविषयीचा अभ्यासक्रम वाटेल. ‘मशीन लर्निंग’च ठेवते. पठारावर चक्कीलाच ‘मशीन’ म्हणतात, त्यामुळे शिकतो तो संगणक, चक्की नव्हे, हे पहिल्याच पानावर लिहीन.

पहिलं वाक्य असं केलंय, बघा: “गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगमध्ये बिघाडाची चाहूल लागली आहे. वारा पडेल त्या दिवशी मशीन थांबवून, उघडून पाहा.”

दादा, गिअरबॉक्समध्ये बारीक कॅमेरा घालून आतले दात तपासतात, त्याला तुम्ही तिकडे काय म्हणता?

प्रतिसाद:
“बोअरस्कोप टाकून बघितलं” म्हणतो. तेच लिहा. आणि ‘वारा पडेल त्या दिवशी’ राहू द्या, आम्ही अगदी असंच बोलतो.