मदत हवी आहे: भूकवचाच्या मॉडेलात काळा दगड चूक कसा?

वैतागलेला_बाबा (रात्री ९:१२)
पोराच्या मॉडेलमध्ये जमिनीच्या बाजूला काळा दगड लावला होता. बाईंनी लाल पेनाने गोल करून परत पाठवलं. तिथे कुठला दगड लावू, एवढंच सांगा. उद्या सकाळी द्यायचंय. लिंका नकोत, वाचायला वेळ नाही.

पोटदुखे
कितवीत आहे? पृथ्वीचा गोळा बनवलाय की उभा छेद?

खडकू
ग्रॅनाइट. खंडीय कवच सरासरी ३५ किमी जाड, हलकं, ग्रॅनाइटसारखं. महासागरीय कवच जेमतेम ७ किमी, पण जड, बेसॉल्टचं. तुमचा काळा दगड म्हणजे बेसॉल्टच, तो समुद्राखाली हवा. बाई बरोबर आहेत.

सह्यकडा
बाई बरोबर कशा? अख्खा सह्याद्री काळ्या पाषाणाचा आहे. म्हणजे महाराष्ट्रच महासागरीय कवचावर बसलाय.

खडकू
@सह्यकडा, अजिबात नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा भेगांतून वर आला आणि जमिनीवर थरावर थर पसरला. खालचं जुनं कवच तसंच आहे. कोयना भागात ३ किमी खोल भोक पाडलं, तेव्हा सव्वा किमीच्या आसपास बेसॉल्ट संपून ग्रॅनाइट-नाइस (नाइस म्हणजे दाब-उष्णतेने बदललेला पट्टेदार खडक) लागला. पोळीला तूप लावलं म्हणून पोळी तुपाची होत नाही.

जुनाजाणता
कोयनेवरून आठवलं. ११ डिसेंबर १९६७ची पहाट. मी सातवीत होतो. फडताळातली भांडी धडाधड खाली आली, आजी म्हणाली मांजर आहे.

घरचीकारभारीण
थर्माकोल वापरलं नाहीत ना? आमच्या शाळेत घेत नाहीत.

वैतागलेला_बाबा
थर्माकोल नाही, पुठ्ठा आहे. उभा छेद, ३५ सेंमी उंच, कोयना ते अरबी समुद्र. घरी ओट्याचा उरलेला काळा ग्रॅनाइट आहे, तो चालेल का?

खडकू
अहो, कोयना हे आधी सांगायचं ना! मग काळा दगड चूक नाहीच. किती जाड लावलाय?

वैतागलेला_बाबा
तळापर्यंत.

खडकू
तिथेच घोळ आहे. १ सेंमी म्हणजे १ किमी धरा. कोयनेला वर सव्वा सेंमी काळा, खाली सगळा ग्रॅनाइट. आणि किनारा आला की लगेच महासागरीय कवच दाखवू नका. समुद्रबूड जमिनीखाली खंडीयच असतं, ते बरंच आत जाऊन संपतं. तिथून पुढे ७ सेंमी बेसॉल्ट.

सह्यकडा
म्हणजे काळा दगड बरोबर होता. मी तेच म्हणत होतो.

खडकू
तुम्ही ते म्हणत नव्हतात.

फरशीवाला
ओट्याचा तुकडा लावू नका. दुकानात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बहुतेक वेळा गॅब्रो नाहीतर डोलेराइट असतो, म्हणजे बेसॉल्टचेच भाऊबंद. गॅब्रो तर महासागरीय कवचाच्या खालच्या थरातला. बाईंना कळलं तर परत लाल गोल.

वैतागलेला_बाबा
मग रात्री साडेदहाला खरा ग्रॅनाइट आणू कुठून?

काणकोणकार
आमच्याकडे गोव्यात या, दर्यादेगेर (समुद्रकिनारी) हवा तेवढा आहे. येताना रेनकोट आणा.

फरशीवाला
गुलाबी किंवा करडी, दाणेदार फरशी शोधा. जिन्याच्या पायऱ्यांना असते.

वैतागलेला_बाबा (रात्री ११:०५)
जिन्यामागे गुलाबी तुकडा मिळाला. पण आधीचा काळा दगड फेविकॉलने बसवलाय, सुटत नाहीये. पुठ्ठा न फाटता कसा काढू?

पोटदुखे
कितवीत आहे ते अजून सांगितलं नाहीत.