मदत हवी आहे: मोसुलचा 'कुबडा' मिनार कशामुळे कलला?

इराकमधल्या मोसुलच्या अल-नुरी मशिदीच्या मिनाराबद्दल लिहितोय. सीरियाचा सुलतान असलेल्या नूरुद्दीन झेंगीने 1172 मध्ये ही मशीद उभारायला घेतली. विटांचा मिनार साधारण 45 मीटर उंच: खाली चौकोनी बैठक, वर गोल खांब आणि त्यावर वीटकामाच्या नक्षीचे सात पट्टे, प्रत्येकाची वीण निराळी. दहा हजार दिनारच्या नोटेवर तो छापलाय. भिंग लावून पाहिलं, बाक त्यातही दिसतो. म्हणूनच नाव अल-हदबा, म्हणजे कुबडा. जून 2017 मध्ये आयसिसने तो सुरुंग लावून पाडला. युनेस्कोने पुन्हा उभारला हे माहीत आहे, त्यामुळे त्या बातम्या नकोत.

अडलंय ते कलण्याच्या कारणावर. प्रेषित मुहंमदांना वंदन करायला तो झुकला ही लोककथा गोड आहे, पण मिनार त्यांच्यानंतर पाच शतकांनी बांधलेला! बाकी वाचलं त्यात कुणी वाऱ्याला दोष देतं, कुणी उन्हाने एकच बाजू तापून फुगण्याला, कुणी जिप्समच्या कच्च्या चुन्याला. प्रत्येक जण आपलंच खरं म्हणतो, आकडेमोड मात्र कुणीच दाखवत नाही. पायाच्या दुरुस्तीचं काम 1980 च्या दशकात इटालियन तज्ज्ञांनी केलं होतं, तिथवर पोचलोय. अरबी येत नाही, इंग्रजी चालेल.

जुन्या वीटकामावर काम केलेलं कुणी इथे आहे का? पाया खचला असता तर अख्खा मिनार सरळच कलला असता ना? मग मधूनच बाक कसा आला?